डावा

लुईस बेटावर बायका कबरीपर्यंत जात नाहीत.
मी फाटकातून पाहिलं:
टॉर्किल मामा डावीकडे, इव्हर मामा उजवीकडे,
मध्ये आई.

एकवीस वर्षं एकाच भिंतीच्या
दोन बाजूंच्या देवळांत गेले दोघे.
स्तोत्र तेच, चालही तीच,
आणि रस्त्यात समोर आले की
दोघांनाही अचानक मेंढ्या मोजायच्या असत.
भांडण कशावरून, हे आता
पाळकांनाही कागद काढून बघावं लागतं.

आई सकाळी इकडे बसायची, संध्याकाळी तिकडे.
दोन्हीकडचे वडीलजन भुवया चढवायचे.
“पाय माझे आहेत,” म्हणायची.

वारा असा, की एकाचं पाऊल चुकलं
तर पेटी कलंडलीच.
“डावा,” टॉर्किल मामा म्हणाला.
एकवीस वर्षांतला पहिला शब्द,
वाऱ्यानं माझ्यापर्यंत आणून टाकला.
इव्हर मामानं डावा उचलला.

माती लोटून झाल्यावर
त्यानं खिसा चाचपला.
आईच्या डबीतली पेपरमिंटची गोळी
दातांनी फोडली,
अर्धी पुढे केली.

टॉर्किल मामानं आधी हात कोटाला पुसला.
कितीतरी वेळ पुसत राहिला.