सुपारी

पहिला आठवडा मी घोडीवर बसलेच नाही.
उकंडरावांनी हातात खरारा दिला :
"आधी तिले तुमचा वास कळू द्या.
नोटायचा वास येते तुमच्या अंगाले."

दारव्हा रोडवर, जिनिंगच्या मागं,
चार बल्ल्यांवर टिनं टाकलेला तबेला.
दोन घोड्या, एक शिंगरू, एक लंगडं कुत्रं
आणि पाटी : घोडेस्वारी शिकवून मिळेल.
खालची जुनी अक्षरं पुरती पुसलेली नाहीत :
वरातीसाठी घोडी भाड्याने.

बँकेत शिपाई हसला.
सेहेचाळिसाव्या वर्षी? मॅडम, हे तर वरातीमागून घोडं!
मी मोजलेली गड्डी पुन्हा मोजली.
दुसऱ्या दिवशी त्यानंच
आपलं स्कूटरचं हेल्मेट टेबलावर आणून ठेवलं.

मग खूर.
खांद्याला खांदा टेकवायचा,
हात पायावरून खाली न्यायचा, आणि थांबायचं.
ओढायचं नाही.
ती वजन दुसऱ्या पायांवर घेते,
मनात आलं तर खूर देते.
आत माती, कुटार, पराटीची एक काडी.

मागून जायचं तर बोलत जायचं.
काय बोलू?
"काहीबी. कापसाचे भाव सांगा."
मी मुदत ठेवीचे व्याजदर सांगत
तिच्या शेपटीमागून फिरले.

तिसऱ्या रविवारी रिकिबीत डावा पाय.
उजवा पलीकडे टाकताना सलवार उसवली,
आवाज सगळ्यांनी ऐकला, हसलं कोणी नाही.
सुपारीनं फक्त एक कान मागं वळवला.

वरून वावर वेगळं दिसतं.
तुरीच्या शेंड्यांवर आपलं डोकं,
धुऱ्यापलीकडे दुसऱ्याचा कापूस,
आणि आपल्या दोन मांड्यांत
भलताच मोठा एक श्वास येतो, जातो.

उकंडरावांची नात रेवा, आठ वर्षांची,
खोगिराशिवाय बसते.
"मॅडम, खाली काऊन पाह्यता?
खाली पाह्यलं का खालीच जाते माणूस."
गेले. दोनदा.
एकदा ढेकळांत, एकदा लिदीत.
लीद बरी.

आणि मार्गशीर्षातली ती संध्याकाळ.
दुडकी चाललेली, माझी उठबस
पहिल्यांदाच तिच्या पायांशी जुळत आलेली,
तोच पांदणीपलीकडून, कुठल्याशा गावातून, बँड.

सुपारी थांबली.
कान उभे, मानेची कमान.
मग पुढचा डावा, पुढचा उजवा,
जागच्या जागी,
ती नाचायला लागली.

अकरा वर्षं तिनं नवरदेव वाहिले.
साडेतीनशे, रेवा म्हणते.
"मोजले कोनं," उकंडराव म्हणतात.
मग डीजे आले. त्या धडधडीनं ती बिथरायची,
काम सुटलं.
पाठीवर कोण आहे
हे तिनं तेव्हाही पाहिलं नसेल.

मी लगाम आवळायला गेले.
"आवळू नका!" उकंडराव कुंपणाकडून ओरडले,
"हात सैल. मांड तेवढी ठेवा.
तिचं होऊ द्या."

बसून राहिले.
बाशिंग नाही, कट्यार नाही,
डोक्यावर शिपायाचं हेल्मेट, त्याच्या तेलाचा वास.
भावाच्या वरातीत सगळे नाचले तेव्हा
आहेराची पिशवी माझ्याकडे होती,
मी ती छातीशी धरून कडेनं चालत होते.
आता दोन्ही हात सैल होते
आणि कंबर, मला न विचारता, हलत होती.

कितीक वेळ. दोन गाणी असतील.
बँड वळला, लांबला,
सुपारी फुरफुरली, थांबली, लीद टाकली.
रेवानं फावडं माझ्याच हातात दिलं.

आधी घोडीचं, मग आपलं, हा इथला नियम.
तंग सैल केला. पट्ट्याखाली
केस ओले, चिकटलेले.
पाणी पाजलं, चंदी ठेवली,
मागून जाताना बोलत गेले.
व्याजदर नाही.
काय बोलले, ते तिलाच माहीत.