काज-बटन

जिंतूर रोडला माझं दुकान,
एक मशीन पायाचं, एक मोटारीचं.
मुंजाजी आला तेव्हा पंधराचा असेल.
काज असं करायचा
की गिऱ्हाईक शर्ट उलटा करून बघायचं,
हातचं आहे का मशीनचं.

बटन म्हणलं की मला चार भोकं दिसतात.
पांढरं, करडं, शेरवानीचं पितळी.
डब्यात हात घातला की
सुपात ज्वारी हलल्यासारखा आवाज.
त्याच्या तोंडात तोच शब्द
कधी दुसरा झाला, कळलं नाही.

"मास्तर, बटन घेऊन येतो जरा."
मी म्हणायचो, डबा भरलाय की रे!
तो हसायचा, मीपण हसायचो.
किती दिवस आम्ही
वेगवेगळ्या गोष्टीवर हसलो.

मग त्याची सुई हळू झाली.
बोलणं ओलं, जड,
भिजत घातलेल्या कपड्यासारखं.
उभ्याउभ्या डोळे मिटायचा.
सकाळी काय सांगितलं ते दुपारी नसायचं,
आणि ज्या दिवशी मिळालं नाही
त्या दिवशी कात्री फेकून मारली,
आरशावर.
एकदा इस्त्रीवर हात टेकला त्यानं.
कातडीचा वास मला आला.
त्याला नाही.

उरुसाच्या आधी पठाणी ड्रेसची गर्दी.
रात्रभर बसला एकटा,
सकाळी अकरा कुडते घडी करून ठेवले.
मी पहिला उचलला:
डाव्या पट्टीवर बटनं,
उजव्या पट्टीवर बटनं,
काज एकही नाही.
समोरासमोर रांगेत बटनं
नुसती बघत राहिलेली एकमेकांकडं.

"काय खायलास तू?"
"दारूचा वास येतो मास्तर. माय रोज तोंड हुंगती.
याला वासच नाही."
कुणाच्या तरी आजारी माणसाची झोप
कागदावर लिहिलेली,
ती हा पोरगा विकत घेत होता
चहाच्या टपरीमागं, सुटी.
"सोड," मी म्हणलं.
"तुमच्या पुड्या किती होतात दिवसाला?"
मी चुना मळत होतो तेव्हा.
मळतच राहिलो.

आता तो सिव्हिलला आहे.
खाटेला हात बांधलेत,
कापतो म्हणे, भिंतीवरून मुंग्या झटकतो,
भिंतीवर मुंग्या नाहीत.

काल सरूबाई आली, त्याची माय.
उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही.
पदराची गाठ सोडली,
तळहातावर एक गोळी, किडक्या दातासारखी.
"खिशात घावली. डॉक्टर म्हणत होते बटन.
तुमचंच काम हे मास्तर, म्हणून तुम्हाला विचारायला आले.
भोकं कुठंयत याला?
लावतात कुठं?"

माझा गाल भरलेला होता.
मी मोरीकडं गेलो.
तोंड रिकामं होईपर्यंत
तिचा हात तसाच पुढं होता.