अकरावा मजला

सेकंड शिफ्ट सुटते साडेअकराला.
अंबडहून पाथर्डी फाट्यापर्यंत स्कूटर आपली आपण येते,
मी नुसता वर बसलेला.
कुकरात भात, गादीवर लॅपटॉप.
त्याची ‘जे’ची कळ निखळलीय;
खाली उतरायचं तर उघड्या रबरी बोंडावर
नखानं दाबावं लागतं.

या गेममध्ये चित्रं नाहीत.
भिंती म्हणजे रेघा,
मी म्हणजे ईमेलच्या पत्त्यातलं ते वेटोळं,
आणि राक्षस म्हणजे एबीसीडी.
मेलो की मेलो.
पुन्हा पहिला मजला, नवी भुई, नवे बोळ,
आधीचं काहीच बरोबर येत नाही
चुकांखेरीज.

सगळे तलवारवाला घेतात.
मी सापळेवाला.
काडीपैलवान गडी, एका फटक्यात आडवा,
पण पिशवीत चौदा खिळेपट्ट्या, दोन जाळी,
विषारी धुराची एक कुपी
आणि वाट बघायचं अंग.
मी पाऊल टाकलं तरच समोरचा टाकतो.
तिसऱ्या शिट्टीला मी उठून गॅस बंद करून येतो,
तोवर तो जबडा उघडून तिथंच,
भुकेला, पण शिस्तीचा.

बोळ निवडायचा एका माणसाच्या रुंदीचा.
उंबऱ्याशी खिळे, त्याच्या अलीकडे जाळं,
मग मागं मागं सरकत जिन्यापर्यंत.
कधी कधी काही दिसतच नाही,
फक्त एक ओळ उमटते:
लांब कुठंतरी काहीतरी किंचाळलं.
जिंकल्याची खबर ही अशी येते,
मागच्या गल्लीतल्या भांडणासारखी.
गुणही निम्मेच.
आपल्या हातानं मारलेलं नसतं ना.

वरच्या खोलीतला केदू गांगुर्डे
वनखात्यात रोजंदारीवर.
मखमलाबादकडच्या एका मळ्यात बिबट्या दिसला
(कुणी म्हणे मादी, कुणी म्हणे नुसता बोका)
तर पिंजरा ओढायला केदू.
तळाला पाचट पसरायचं, लोखंड झाकायचं,
माणसाचा वास उडू द्यायचा,
मागच्या कप्प्यात बोकड.
म्हटलं, म्हणजे तूही सापळेवालाच की.
त्यानं स्क्रीन बराच वेळ बघितली.
“यात तुझा बोकड कुठंय?”

दाखवायला गेलो आणि बोट थबकलं.
खिळे हे इथं. जाळं हे.
त्याच्याही अलीकडे, सरळ रेषेत,
दिसेल असा, वास लागेल असा
मीच उभा.

सात रात्री काही नाही.
आठव्या सकाळी ठसे:
पिंजऱ्याभोवती एक पुरी फेरी,
दाराशी बसल्यानं चेपलेलं गवत,
आणि परत ओहोळाकडे.
“आणि बोकड?”
“ओरडला असणार रातभर. घसा बसलेला.
सकाळी माझ्या हातचा पाला खाईना.”
मग जरा थांबून,
“मग खाल्ला.”

काल पहाटे अकराव्या मजल्यावर पोचलो.
आयुष्यात पहिल्यांदा.
मागं कॅपिटल डी, नाकातून आग,
पुढं जिना, दोन घरं खाली.
मधलं एक घर टाळायचं होतं.
तिथले खिळे मीच ठोकलेले, शंभर पावलांपूर्वी,
कुठं ते मला पाठ होतं.
वळायच्या आधी एकदाच खाली.
बोंड एकदा दाबलं.
ते दोनदा लागलं.

खिळ्यांवर पडून मृत्यू.
खिळे कुणाचे, ते गेम लिहीत नाही.

जिन्यात केदूच्या चपला वाजल्या.
काखेत सुबाभळीचा पाला असणार, 
पिंजरा आता पांदीच्या टोकाला हलवलाय म्हणे.
भात तळाला लागल्याचा वास.
गेमनं नव्या माणसाचं नाव विचारलंय,
मी काही लिहिलेलं नाही.
इथं आपल्याआधी कुणी पाऊल टाकत नाही.
बाहेर टाकतात.