फुली

सायलसच्या पत्रातला शेवटचा शब्द
मी तीनदा टाइप केला.
पेन्सिल पुसट, कागद घड्यांवर फाटलेला,
पण अक्षरं घरचीच:
टोक वर तर पि, खाली तर पे,
एकच आकार, नुसती मान वळवायची.
आणि सगळ्यांच्या शेवटी, वरच्या अंगाला,
एक बारीकशी फुली.

फुलीच ती. कीबोर्डवर दिसली, मी दाबली.

बाहेर उणे अडतीस.
कुणाचीतरी स्नोमोबिल खोकत होती, सुरू होईना.
मी शोध लावला: तळ्यात.
चारशे बारा पत्रं. निकाल शून्य.
पत्र समोर उघडं,
आणि यंत्र म्हणतं, असं कुणी लिहिलेलंच नाही.

हेस्टर हॅल्केट आली,
हातमोजे हीटरवर टाकले,
पडद्याला नाक लावून म्हणाली,
"माझ्या भावाला पूर्णविराम कुणी दिला?"

आमच्यात पूर्णविरामही फुलीच.
डोळ्याला दोघी जुळ्या,
पण यंत्र चेहरा बघत नाही, आकडा विचारतं.
एक सहा सहा ई: संपलं.
एक पाच सात डी:
घशात अडकून सुटणारा ह्क,
म्हणजे आत, म्हणजे तिथं.
तो नसला की शब्द उरतो नुसता 'तळ्या',
पाऊल उचललेलं, टेकायला जमीन नाही.

(करारावर पणजोबांनी काढलेली फुली
याहून निराळी.
ती सही होती म्हणे.
तिला कुठला आकडा द्यायचा, मला ठाऊक नाही.)

"आठ वर्षांचा होता," हेस्टर म्हणाली,
"क्षयाच्या इस्पितळात नेला तेव्हा.
आईनं अक्षरं शिकवली होती,
थांबायचं कसं ते शिकवायचं राहिलं."

मी एक फुली खोडली, दुसरी लिहिली.
पडद्यावर काहीच हललं नाही.
पुन्हा शोध. निकाल: एक.

हेस्टर खुर्ची ओढून बसली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग बाकीची पत्रं उघडली.
किती जणांना मी उंबऱ्यावरच संपवलं होतं,
घरा, तंबू, होडी,
कुणाची आई नुसतीच स्वयंपाकघरा.
"सावकाश," ती म्हणाली, "एकेकाला आत घे."

अंधार पडेपर्यंत एकोणीस झाले.
स्नोमोबिल अजून सुरू झाली नव्हती.