मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातली दारं ती, मत्तीच्या लाकडाची,
भरतीला आपसूक मिटणारी,
सुकतीला उघडून खाजनातलं पाणी नदीला परत देणारी.
पुनोमामा राखायचा.
एक जोडी पाण्यात
आणि दुसरी, कोरडी, तेल पाजलेली,
त्याच्या खाटेखाली.
मामी म्हणायची, सवत परवडली, ही दारं नकोत.

हे आठवलं रात्री दोन एक्केचाळीसला,
मडेल धक्क्याजवळच्या आमच्या पत्र्याच्या केबिनमध्ये,
वरच्या मशीनचा हिरवा दिवा विझला
आणि काहीतरी जळल्याचा वास आला तेव्हा.
(पाल होती. पंख्यामागे ऊब शोधत गेलेली.
सकाळी इनासनं चिमट्यानं काढली.)

नदीखालून एकच केबल बेटावर येते.
तिच्यात मावेल तेवढंच मावतं.
मशीन वाटणी करतं:
आरोग्य केंद्राला आधी,
मग पंचायत, शाळा,
रिसॉर्टला पैसे जास्त म्हणून जास्त, पण हद्दीत,
आणि रोझारचा मुलगा, जो कुठल्यातरी दूरच्या देशातला फुटबॉल
पहाटेपर्यंत बघतो,
त्यालाही त्याचा घास.

मागच्या वर्षी मशीन एकटंच होतं.
ते मेलं की आत एक टिचकी वाजायची
आणि तार सरळ तारेला जुळायची.
"बघ, नेट चालूच आहे!" इनास म्हणाला होता.
चालू होतंच.
अंतिम सामन्याची रात्र, सगळं बेट एका गोलपोस्टकडे वाहत होतं,
आणि सिस्टर फिलुनं बांबोळीला पाठवलेला ईसीजी
सत्तावीस मिनिटं अर्ध्यावर लटकला.
माणूस वाचला.
पण दुसऱ्या दिवशी इनास दुसरं मशीन मागायला
स्वतः पणजीला गेला, बूट घालून.

पाणी वाहतं राहणं वेगळं,
वाटणी शाबूत राहणं वेगळं.
खाजनात एकदा खारं शिरलं की
तीन वर्षं भात होत नाही,
हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही.

तर ते दुसरं. चौदा महिने खालच्या खणात.
काम एवढंच, दर सेकंदाला वरच्याला विचारायचं:
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
आणि वरचा जे जे वाटेल ते उतरवून घ्यायचं,
कोणाला किती, कोणाचं काय अर्ध्यात.
गरम असायचं म्हणून
मी त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवायचे.

दोन एक्केचाळीस.
आहेस?

आहेस?

आहेस?

चौथ्यांदा विचारलं नाही.
खालचा दिवा पिवळ्याचा हिरवा झाला.
रोझारच्या मुलाचा चेंडू पापणीभर हवेत थांबला
आणि पडला, जिथं पडायचा तिथंच.
केंद्रात कोणाच्या तरी छातीची रेघ
न तुटता नदी ओलांडून गेली.
मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

सकाळी फेरीबोटीत सगळे बांगड्याच्या भावावर चिडलेले.
रोझारच्या मुलाचे डोळे लाल. हरले म्हणे.
कुणाला काही सांगावं असं वाटलं,
पण सांगणार काय?
काल रात्री काहीही झालं नाही?

मामाचंही तसंच.
एका अमावास्येला खरंच दार फुटलं होतं,
गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून त्यानं दुसरी जोडी बसवली.
गावाला कळलं ते आठवड्यानं,
मामी म्हणाली म्हणून, की आता खाटेखाली झाडता येतं.
मामा मात्र त्या आठवड्यात झोपला नव्हता.
सुतार नवी दारं करेपर्यंत
बांधावरच बसून होता.

वरच्याचा नवा पॉवर सप्लाय बंगळुरूहून येणार.
सहा दिवस, इनास म्हणतो.
म्हणतो, घरी जा, चाललंय ना नीट.
चाललंय.
स्क्रीनवर दर सेकंदाला एक ओळ सरकतेय,
खालचं वरच्या रिकाम्या खणाला विचारतंय
तेच, तेवढंच.

मी डबा उचलून जमिनीवर ठेवला.
खुर्ची जरा जवळ ओढली.