चौदा की पंधरा

गर्दी सगळी धुराभोवती.
खरं तर धूर नव्हेच तो, द्रव नायट्रोजनची वाफ;
तिच्यात गारठलेली काळी चकती अधांतरी तरंगते
आणि पोरं किंचाळतात, दर वेळी नव्याने.
टाऊन हॉलपुढच्या चौकात क्वांटम दिवसाचे अकरा तंबू.
शेवटचा माझा, घड्याळाचा.
असून अडचण, नसून खोळंबा.

घड्याळ म्हणजे एक करडी पेटी.
काटे नाहीत, टिकटिक नाही.
आतल्या अणूंची थरथर मोजते,
लाखभर वर्षांत एखादा सेकंद चुकलीच तर चुकते,
असं मी सकाळपासून सहा जणांना सांगितलं.
त्यातल्या दोघांना फक्त मुतारी कुठंय ते हवं होतं.

टार्टूचं एप्रिलमधलं ऊन: दिसतं, लागत नाही.
हातमोजे काढून मी चहा ओतत होते
तेवढ्यात एक म्हातारा आला, एल्मार कूसिक,
काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.
ताकाला यावं आणि भांडं लपवावं, तसा
पाच मिनिटं हवापाण्याचं बोलला.
नदी फुगलीय म्हणाला. बेकरीतले पाव लहान झालेत म्हणाला.
मग टॉवेल उलगडला.

लाकडी घड्याळ. तबकडीवर सात नि आठच्या मध्ये तडा.
"तुमच्या पेटीत किती वाजले?"
"तीन बेचाळीस."
त्याच्यात दोन बेचाळीस.
"तासभर मागे आहे," मी म्हटलं.
"मागे नाही," तो म्हणाला. "ते जागेवरच आहे.
हललो ते आपण."

मॉस्कोची वेळ आली तेव्हा
अख्ख्या गावाने काटे पुढे सरकवले.
त्याच्या बापानेही सरकवले, स्वयंपाकघरातले.
आतल्या खोलीतले नाही.
बटाटे उकडायचे ते बाहेरच्या वेळेवर,
शाळा, भोंगा, रांग, सगळं बाहेरच्या.
पण झोपताना आई आत बघायची
आणि म्हणायची, अजून तासभर आहे.
एका घरात दोन वेळा नांदत होत्या,
दोन्ही खऱ्या,
दारावर थाप पडेपर्यंत.
थाप पडली की आतलं दार ओढून घ्यायचं.
पाहुणा विचारायचा, किती वाजले?
घर एकच उत्तर द्यायचं.

मला सांगायचं होतं, आजोबा, ही उपमा बसत नाही.
अणूच्या आत काय आहे ते अणूलाही ठाऊक नसतं;
तुमच्या घरात तर सगळ्यांना ठाऊक होतं.
आमच्या बाईंनी इथे लाल रेघ मारली असती.
पण माझ्या हातात कप होता
आणि तो तबकडीवरचा तडा अंगठ्याने पुसत होता,
पुसून जाणार असल्यासारखा.

"मी जन्मलो," तो म्हणाला,
"तेव्हा स्वयंपाकघरात साडेबारा वाजले होते, रात्रीचे.
आत साडेअकरा.
दाखल्यावर पंधरा एप्रिल.
आईच्या तोंडी मरेपर्यंत चौदा.
केक एकच, दोन दिवस पुरवायचा.
अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, मी कुणाला दुरुस्त केलेलं नाही."

पलीकडे चकती पुन्हा तरंगली, पोरं पुन्हा किंचाळली.
वाफ जमिनीलगत सरपटत आमच्यापर्यंत आली
आणि त्याच्या बुटांशी विरून गेली.

मी त्याला एक स्टिकर दिला. दुसरं काही नव्हतं.
स्टिकरवर एक मांजर, अर्धं हसणारं.
त्याने तो घड्याळाच्या पाठीवर चिकटवला, नीट, कडा दाबून,
मग पेटीकडे बघत विचारलं,
हिला किल्ली कोण देतं?
मी म्हटलं, भिंतीतली वीज.
वीज गेली तर?
मी गप्प.
त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

"उद्याही आहे का हे सगळं?"
"नाही. सहा वाजता तंबू उतरवतात."
"कुठल्या सहा?"
आणि मी, पदार्थविज्ञान, तिसरं वर्ष,
खरोखर क्षणभर अडले.

टॉवेल गुंडाळताना तो हसला.
"जाऊ दे," म्हणाला,
"मग आजच धरू."