काट्यावरचा माणूस

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात.
आमचं अंगण खरंच वाकडं आहे.
नऊ भोकं, सगळी मिठाच्या सरोवराकडे कललेली,
फेअरवे म्हणजे मेंढ्यांनी खाऊन उरवलेलं गवत,
आणि हिरवळीच्या जागी तेल पाजलेली काळी वाळू,
कारण पाणी इथं पिण्यापुरतंच.
एप्रिल सरत आला, उन्हाचा जाच ओसरला
की मैदान उघडतं. पत्र्याच्या डब्यात दहा डॉलर टाकायचे,
वहीत नाव लिहायचं.
डबा कुणी मोजत नाही.

आठवडाभर मोजायचं काम माझं.
गव्हाच्या कोठाराशी वजनकाट्यावर बसतो.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो, मी लिहितो.
भरलेला वजा रिकामा.
तेवीस वर्षं कुणाचा किलो इकडचा तिकडे झाला नाही.
रविवारी मात्र
माझा चेंडू उजवीकडे जातो.

निघतो सरळ, शहाण्यासारखा,
मग घरी काही विसरल्यासारखा मध्येच वळतो
आणि मॅलीच्या झुडपांत शिरतो.
तिथं कांगारू सावलीला पडलेले असतात.
मान वर करून बघतात :
आला पुन्हा.

शेडमध्ये सराव केला, ट्रॅक्टरच्या काचेत स्वतःला बघत.
डावा कोपर सरळ. डोकं जागच्या जागी.
आधी कंबर, मग हात.
जावयानं फोनवर टिपून संथ करून दाखवलं :
एक जाडा माणूस
दार लावलं का, म्हणून मागे वळून बघतोय.
मार्लीन म्हणाली, झाडू घेऊन कर,
निदान घर तरी झाडून होईल.
केलं.
झाडू सरळ जातो.

डोरीन पॅस्को एक्याऐंशी वर्षांची.
तिचा स्विंग म्हणजे उंबऱ्यावरून पाय उचलावा, एवढाच.
नव्वद मीटर. सरळ. पुन्हा नव्वद मीटर.
सहा भोकं ती गुडघ्याबद्दल बोलली,
क्लबातल्या स्कोनमध्ये हल्ली मनुके किती कमी, त्याबद्दल.
सातव्यावर म्हणाली,
"क्लेम, तू चेंडू तोलतोस.
मारण्याआधी त्याचं वजन घेतोस.
ट्रक आहे का तो? जाऊ दे त्याला."

मी नुसतं हं म्हटलं.
रागच आला थोडा.

आठव्यावर उभा राहिलो तेव्हा
ना कोपर डोक्यात होता ना डोरीन.
शुक्रवारच्या त्या हेंट्श्केच्या ट्रकचा
रिकाम्याचा आकडा मी लिहिला की नाही,
एवढंच घोळत होतं. आणि घोळता घोळता मारला.

आवाजच निराळा.
हाताला काही लागलंच नाही.
अंधारात जिन्याची आणखी एक पायरी आहे समजून
पाय टाकावा आणि तिथं जमीनच असावी, तसं.
चेंडू गेला. वळला नाही. वाऱ्याला विचारलंसुद्धा नाही.
काळ्या वाळूच्या अलीकडे पडला, दोनदा उसळला,
बसला.

मी काठी तशीच खांद्यावर धरून उभा.
आणि कावळा आला.
शांतपणे चालत आला, कर वसूल करायला यावं तसा,
चोचीत घेतला
आणि सरोवराकडे उडून गेला.

डोरीन हसली, हसता हसता खोकली,
माझ्या गाडीला धरून खाली बसली.
"होता तिथं दुसरा ठेव. नियम आहे."
"पण नेमका कुठं होता?"
"ते तुला माहीत. मोजणारा तू."

चार पावलं असावीत वाळूपासून.
मी पाचावर ठेवला.
का, ते विचारू नका. तीन पट लागले.
वहीत लिहिलं : पाच, आणि कंसात कावळा.
मग लोखंडी पट्टी ओढली गोल गोल,
आपली पावलं आपणच पुसत बाहेर आलो,
मागून येणाऱ्याला वाळू कोरी मिळावी म्हणून.
मागून कुणी येत नव्हतं.

नववं. कोपर सरळ, डोकं जागच्या जागी, तोलायचं नाही, अजिबात तोलायचं नाही.
उजवीकडे.
मॅलीत शिरलो.
कांगारूनं या खेपेला
मानसुद्धा वर केली नाही.